आव्हे व्हेरुम कॉर्पुस (के. ६१८)

वोल्फगांग आमाडेउस मोझार्ट (१७५६–१७९१) याची चार आवाजांच्या गायकवृंदासाठीची छोटी धार्मिक रचना. व्हायोलिन, व्हायोला, बास आणि ऑर्गन यांची साथ. स्वर डी मेजर, लय संथ. अवघे ४६ बार, गायला साधारण तीन मिनिटे.

१७९१ च्या उन्हाळ्यात मोझार्टची पत्नी कॉन्स्टांझे गरोदर होती आणि व्हिएन्नाजवळच्या बाडेन येथे गंधकाच्या झऱ्यांवर उपचार घेत होती. तिथला शाळामास्तर आणि चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख आन्टोन श्टोल हा मोझार्टचा स्नेही. तिच्यासाठी तळमजल्यावरची जागा बघून ठेव, असे मोझार्टने त्याला पत्राने कळवले होते. १७ जून रोजी पूर्ण झालेली ही रचना त्याने श्टोलसाठीच लिहिली; निमित्त होते ख्रिस्तशरीराच्या सणाचे. ‘द मॅजिक फ्लूट’ या ऑपेराचे काम तेव्हा चालूच होते.

संहिता मध्ययुगीन लॅटिन स्तोत्राची. मारियेच्या पोटी जन्मलेल्या, क्रुसावर यातना सोसलेल्या ख्रिस्तदेहाला तीत वंदन आहे, आणि मरणाच्या कसोटीआधी त्या देहाचा आस्वाद लाभावा अशी विनवणी आहे.

गावातल्या वृंदाला पेलावे असे हे लेखन. आवाज फार उंच चढत नाहीत, बहुतेक शब्द चौघेही एकत्रच उच्चारतात. हस्तलिखितात आवाजाबद्दल एकच सूचना आहे : सुरुवातीला, दबत्या स्वरात. पण गायला सोपे म्हणून हे संगीत साधे ठरत नाही. ख्रिस्ताच्या विंधलेल्या कुशीचा उल्लेख येतो तिथे स्वरसंवाद डी मेजरपासून दूर, एफ मेजरकडे वळतो. ऐकणाऱ्याला झटका बसत नाही, पण पायाखालची जमीन बदललेली असते. त्यानंतरच्या विनवणीत सोप्रानो आणि आल्टो पुढे निघतात, टेनर आणि बास मागून तीच चाल धरतात. एवढा वेळ एकदिलाने चाललेला वृंद इथे प्रथमच दुभंगतो. मरणाचा शब्द दुसऱ्यांदा येतो तेव्हा तो लांबवला जातो, आणि सगळ्या रचनेतला ताण त्या एका शब्दावर एकवटतो. शेवट तंतुवाद्ये करतात. इतक्या थोड्या जागेत इतके काही बोलणारे धार्मिक संगीत मोझार्टच्याही लेखनात विरळाच.

फ्रान्झ लिस्ट याने ही रचना आपल्या पियानोकृतीत गुंफली. त्याच रूपावरून चायकोव्हस्कीने १८८७ मध्ये ‘मोझार्टियाना’ या वाद्यवृंद-सुइटमधला प्रार्थनेचा भाग बांधला.