वादळ, ऑफिस आणि सायकल: चक्रीवादळानंतर राइड पुन्हा कधी सुरू करायची?

३ जून २०२०, बुधवार. जागतिक सायकल दिन. राज्यात 'मिशन बिगिन अगेन'चा पहिला टप्पा त्याच दिवशी सुरू होत होता. दोन महिन्यांहून जास्त काळ घरात अडकलेल्या लोकांना पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत एकट्याने सायकल चालवायची परवानगी मिळाली होती. आणि नेमक्या त्याच दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं.

घरून ऑफिसचं काम करणाऱ्या आणि सकाळी सायकल चालवणाऱ्या हौशी रायडर्ससमोर तेव्हा एकच प्रश्न होता: वीज नाही, नेट नाही, काम साचलंय, मग सायकल कधी काढायची? तो प्रश्न पुढच्या प्रत्येक वादळात येणार आहे. म्हणून त्याचं उत्तर समजून घेऊ.

'निसर्ग'ने मावळात काय केलं?

किनाऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. रायगड ओलांडून वादळ घाट चढलं आणि पुणे जिल्ह्यात आलं. घाटमाथ्यावरच्या मावळ तालुक्यात झाडं पडली, विजेचे खांब वाकले, घरांचे पत्रे उडाले आणि फुलशेतीच्या पॉलिहाऊसचं मोठं नुकसान झालं.

त्यात हाताशी वेळ नव्हता. ११ जूनला मान्सून राज्यात दाखल झाला. म्हणजे छप्पर दुरुस्त करायला जेमतेम आठवडा. लोणावळा परिसरात वर्षाला सरासरी ४ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे उघडं छप्पर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

वीज आली तरी नेट का येत नाही?

वीज दुरुस्तीचा एक क्रम असतो. आधी उपकेंद्रं आणि त्यांना वीज देणाऱ्या वाहिन्या, मग उच्चदाब फीडर, मग ट्रान्सफॉर्मर आणि शेवटी घरापर्यंतच्या लघुदाब तारा. त्यामुळे शहरात दिवे लागतात, पण टोकाच्या वाडीत अंधार राहतो.

मोबाइल टॉवरला बॅटरी असते, पण ती काही तासांचीच. पुढे डिझेल जनरेटर. रस्ता बंद असेल आणि डिझेल पोहोचलं नाही, तर टॉवर बंद. फायबरची केबल अनेक ठिकाणी खांबांवरूनच नेलेली असते. खांब पडला की तीही तुटते आणि ती जोडण्याचं काम वेगळं. म्हणून दिवे लागले म्हणजे लगेच लॉगिन होईल, असं ऑफिसला सांगू नका.

इन्व्हर्टर किती वेळ चालतो?

घरातली १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. प्रत्यक्षात हजार-अकराशे धरा. लॅपटॉप ५० वॅट आणि राउटर १० वॅट एवढंच चालवलं तर साधारण १७ तास मिळतात. त्यात पंखा आणि एक दिवा जोडला की हेच सात-साडेसात तासांवर येतं. म्हणजे पंखा बंद ठेवला तर दोन दिवसांची ऑफिसची वेळ निघते.

ऑफिसला काय सांगायचं?

'नेटवर्क इश्यू आहे' एवढंच लिहून गायब होऊ नका. कोणत्या वेळेत नक्की उपलब्ध असाल, कोणतं काम ऑफलाइन करू शकता आणि कोणतं दुसऱ्याकडे द्यावं लागेल, या तीन गोष्टी वादळाचा इशारा आल्यावरच लिहून कळवा.

खरी अडचण नंतर येते. रात्री ११ला वीज येते, साचलेलं काम पहाटे दोनपर्यंत चालतं आणि साडेपाचचा अलार्म लावलेलाच असतो. सलग १७ तास जागं राहिल्यावर प्रतिसादाचा वेग रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा मंदावतो, असं अभ्यासात दिसलंय. भारतात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. झोप झाली नसेल तर त्या दिवशी राइड नको.

आठवडाभर सायकल बंद ठेवली तर फिटनेस जातो का?

नाही. आठवडाभराच्या खंडाने दमश्वास फारसा कमी होत नाही. ठळक घट दिसते ती दोन ते चार आठवडे पूर्ण विश्रांती घेतल्यावर. घरात मॅग्नेटिक किंवा फ्लुइड ट्रेनर असेल तर त्याला वीज लागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास पुरे.

रस्त्यावर कधी उतरायचं?

आधी या गोष्टी बघा:

• तुटलेली तार दिसली तर लांब थांबा. ती बंद आहे असं गृहीत धरू नका. आजूबाजूच्या ओल्या जमिनीतही प्रवाह असू शकतो. महावितरणला १९१२ वर कळवा.
• अर्धवट मोडलेल्या फांद्या नंतरही पडतात. झाडीच्या रस्त्यावर वारा असेल तर परत फिरा.
• पाणी वाहत असलेला मोरी-पूल ओलांडू नका. रस्ता खचलाय की नाही, हे वरून दिसत नाही.
• रस्त्यावर पत्र्याचे तुकडे, खिळे, काचा असतात. दोन ट्यूब जवळ ठेवा. रिम ब्रेक ओले असतील तर थांबायला जास्त अंतर लागतं.
• पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून जाऊ नका. लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

रस्ता खुला झाला, मग जायला काय हरकत?

पुण्याच्या रायडर्ससाठी कामशेत, मळवली, लोणावळ्याजवळचं औंढे आणि पवना धरणाचा परिसर म्हणजे वीकेंडचा रूट. तिथे राहणाऱ्यांसाठी तो दूध, औषधं आणि पत्रे आणायचा रस्ता आहे. वादळानंतरचे काही दिवस त्याच अरुंद रस्त्यावरून जेसीबी आणि खांब घेऊन येणारे ट्रक जातात. दहा सायकलींचा ग्रुप मध्ये आला की ते काम थांबतं. आणि तिथे कोणी पडलं तर रुग्णवाहिकाही त्याच रस्त्याने मागवावी लागते.

त्यामुळे रूटवरच्या गावांत वीज परत आली का, हे आधी विचारा. आली नसेल तर तिकडची राइड पुढे ढकला. पहिली राइड घराजवळच, ओळखीच्या सपाट रस्त्यावर, २० ते २५ किलोमीटर, पूर्ण उजाडल्यावर आणि लॉगिनच्या तासभर आधी घरी परतता येईल अशी ठेवा. घाट पुढच्या आठवड्यात.