पेडणे-डिचोलीवरील ध्वज आणि ‘साडेचारशे वर्षां’चा प्रश्न

गोव्याच्या इतिहासात ‘साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. आल्बुकेर्कने १५१० मध्ये आदिलशाहीकडून तिसवाडी घेतली आणि १९६१ मध्ये ही राजवट संपली. तिसवाडीपुरते हे विधान बरोबर आहे. पेडणे व डिचोली या तालुक्यांना मात्र ते लागू पडत नाही. तेथे कोणाचे निशाण केव्हा होते, हे पाहिल्यास फरक ध्यानात येतो.

डिचोली आदिलशाहीनंतर मराठ्यांकडे आली. जवळच्या नार्वे येथील सप्तकोटेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. संभाजी महाराजांच्या आश्रयास आलेला औरंगजेबाचा पुत्र शाहजादा अकबर याच्या नावाशी डिचोलीची नमाजगाह जोडली जाते. पुढे हा मुलूख सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होता. पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये हळर्णचा किल्ला जिंकला, परंतु तो पुन्हा भोसल्यांकडे गेला. अखेर १७८१ मध्ये डिचोली व १७८८ च्या तहाने पेडणे पोर्तुगीजांकडे स्थिरावले. म्हणजे सलग पोर्तुगीज अंमल डिचोलीत १८० वर्षे, तर पेडण्यात तहापासून १७३ वर्षे होता. या ‘नव्या काबिजादीं’त रहिवाशांच्या धर्माला व रूढींना धक्का न लावण्याचे आश्वासन देण्यात आले, जुन्या काबिजादींतील धोरणाहून हे वेगळे होते.

पोर्तुगीज निशाणही एकच नव्हते. राजचिन्हांकित पांढऱ्या ध्वजाच्या जागी १८३० मध्ये उदारमतवाद्यांनी निळा-पांढरा ध्वज स्वीकारला, तर प्रजासत्ताकाने १९११ मध्ये हिरवा-तांबडा ध्वज आणला. १९३५ मध्ये पोर्तुगीज भारताला संत कातेरिनाच्या चक्राचे बोधचिन्ह मिळाले, कारण गोवा २५ नोव्हेंबर या तिच्या सणाच्या दिवशी जिंकला गेला होता. हे चिन्हही तिसवाडीच्या विजयाचे. पेडणे-डिचोलीचा इतिहास त्यात नाही. स्वतंत्र ध्वज तर वसाहतीला कधीच मिळाला नाही.

दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज फ्री स्टेट या बोअर प्रजासत्ताकाची गोष्ट वेगळी. १८५७ पासून त्याचा स्वतःचा ध्वज होता. इंग्रजांनी १९०० मध्ये ते राज्य खालसा केले. तरी १९२८ ते १९९४ या काळातील दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रध्वजात तो लहान आकारात राहिला. अर्थात, त्या ध्वजात तेथील बहुसंख्य आफ्रिकन जनतेला स्थान नव्हते.

पेडण्याच्या लोकांनी आपला म्हणून ध्वज निवडला तो तिरंगा. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढच्याच वर्षी त्याच दिवशी पत्रादेवी येथे पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल गोळीबारात हुतात्मा झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला.

वर्गात गोव्याचा इतिहास शिकविताना तालुकावार नकाशा व सनावळी समोर ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे. अन्यथा आदिलशाही, मराठे आणि भोसले यांच्या अंमलाची सुमारे पावणेतीनशे वर्षे विद्यार्थ्यांच्या नजरेतून निसटतात.