गाणं कुणाचं?

रॉक ऐकणाऱ्यांना लेड झेपेलिन हे नाव सांगावं लागत नाही. विली डिक्सनचं मात्र सांगावं लागतं. म्हणून हा लेखनप्रपंच!

डिक्सन मूळचा मिसिसिपीतल्या विक्सबर्गचा, जन्म १९१५. शिकागोला आल्यावर आधी बॉक्सिंग केलं, मग डबल बास धरला. पुढे चेस रेकॉर्ड्समध्ये हा गडी गाणी लिही, बास वाजवी, रेकॉर्डिंगचंही बघे. मडी वॉटर्सचं 'हूची कूची मॅन' (१९५४) आणि हाउलिन वुल्फचं 'स्पूनफुल' त्याचीच. १९६४ साली रोलिंग स्टोन्सनी त्याचं 'लिटल रेड रूस्टर' गायलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

मग पैसा? तो आधी जाई आर्क म्युझिक या प्रकाशन कंपनीकडे, आणि तिच्यात चेस बंधूंचीच भागीदारी. म्हणजे पगार देणारा आणि रॉयल्टीचा हिशेब ठेवणारा एकच! सत्तरच्या दशकात डिक्सन आणि मडी वॉटर्स दोघेही आर्कविरुद्ध कोर्टात गेले. तडजोड झाली, आणि आपल्या गाण्यांवरचा हक्क डिक्सनच्या हाती येऊ लागला.

लेड झेपेलिनची गोष्ट वेगळी. 'होल लॉटा लव्ह' (१९६९) वर नावं फक्त बँडच्या चौघांची. त्यातले शब्द मात्र डिक्सनच्या 'यू नीड लव्ह'शी फारच जुळणारे. ते मडी वॉटर्सने १९६२ सालीच गायलं होतं. डिक्सनने १९८५ साली दावा लावला, १९८७ साली तो कोर्टाबाहेर मिटला. आता श्रेयात त्याचंही नाव असतं.

कुणी म्हणेल, ब्लूजमध्ये उसनवारी चालतेच. खरंय. 'स्पूनफुल'चं मूळही चार्ली पॅटनच्या १९२९ च्या गाण्यापर्यंत नेता येतं. पण शेतावरच्या, रस्त्यावरच्या गाण्यातून ओळ उचलणं वेगळं आणि लाखो रेकॉर्ड खपत असताना लिहिणाऱ्याचं नावच गाळणं वेगळं. पहिल्यात परंपरा पुढे जाते, दुसऱ्यात कुणाच्या तरी घरची चूल थंड राहते.

डिक्सनने मिळालेलं नुसतं स्वतःपाशी ठेवलं नाही. 'ब्लूज हेवन फाउंडेशन' काढून त्याने इतर कलाकारांना त्यांचे हक्क मिळवून द्यायचं काम हाती घेतलं. १९९२ साली तो गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या पत्नीने, मेरी डिक्सनने, शिकागोतली २१२०, साउथ मिशिगन अव्हेन्यू ही इमारत विकत घेतली. चेस रेकॉर्ड्सचा स्टुडिओ होता तीच. फाउंडेशनचं बस्तान पुढे तिथेच बसलं.

जिथे त्याने मजुरी केली, ती वास्तू शेवटी त्याच्या नावाने उभी राहिली. हिशेब पुरता चुकता झाला असं नाही म्हणवत, पण निदान खातं तरी योग्य नावावर आलं.