भाषेची परीक्षा नेमके काय मोजते?

गणिताच्या परीक्षेत आपण गणित तपासतो. मग भाषेच्या परीक्षेत काय तपासतो? पाठांतर, व्याकरण, समज की बोलणे? गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले. पेण-रोह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातल्या उदाहरणांसह ते पाहू.

इंग्लंडमध्ये 1862 साली 'निकालानुसार अनुदान' ही पद्धत सुरू झाली. त्याच दशकात ती मुंबई इलाख्यातही आली. तपासनीस मुलांना वाचायला, लिहायला लावी आणि किती मुले उत्तीर्ण झाली यावर शाळेचे अनुदान ठरे. साहजिकच नेमलेले पुस्तक घोकून घेण्याकडे कल वाढला. मूल वाचते आहे की आठवून म्हणते आहे, हे ओळखणे कठीण झाले.

मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक 1859 साली सुरू झाली. पुढचे शिक्षण इंग्रजीतून असल्याने भाषांतर आणि व्याकरण यांना तिच्यात मोठे महत्त्व होते. रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख 1912 साली तिच्यात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. ही परीक्षा हुशार मुले निवडून काढी. बाकीच्यांना काय येते आणि कुठे अडते, हे सांगणे तिचे कामच नव्हते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर भाषेचे तुकडे करून मोजण्याचा काळ आला. रॉबर्ट लाडो या अमेरिकी भाषातज्ज्ञाच्या 1961 सालच्या पुस्तकाने उच्चार, शब्द, वाक्यरचना यांची वेगवेगळी चाचणी रूढ केली. गुण देणे सोपे झाले; पण सुटे भाग येणाऱ्याला बोलता येतेच असे नाही. म्हणून 1970 नंतर 'या भाषेत काम करता येते का?' हा प्रश्न पुढे आला.

महाराष्ट्रात दहावीच्या भाषा विषयांचे 20 तोंडी गुण 2018-19 मध्ये काढून टाकण्यात आले. शाळा ते सढळ हाताने देतात, हा आक्षेप होता. राज्याचा निकाल 2018 मधील 89.41 टक्क्यांवरून 2019 मध्ये 77.10 टक्क्यांवर आला आणि त्याच वर्षी हे गुण परत आले. पण बोलणे मोजायचे कसे, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

2005 पासून 'असर' पाहणीत एकेका मुलाला जवळ बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचायला देतात. पाठांतराचा प्रश्न इथे बराच सुटतो, पण दुसरा उभा राहतो. समजा, पेणच्या खारेपाटातली, घरी आगरी बोलणारी मुलगी 'डोळा' हा शब्द 'डोला' असा वाचते. तिने अक्षर ओळखले, अर्थही तिला कळला. उच्चार तेवढा घरचा आला. ही वाचनातली चूक नव्हे. रोह्याच्या कातकरी वाडीतल्या मुलाला तर प्रमाण मराठीतला प्रश्नच नीट उमगला नसेल. तेव्हा त्याचा शून्य गुण त्याच्या समजेविषयी काहीच सांगत नाही.

वर्गात एक करून पाहता येईल. प्रत्येक प्रश्नापुढे आपण 'यातून काय तपासायचे आहे' हे एका ओळीत लिहावे. समज तपासायची असेल तर उत्तर मुलाच्या बोलीत ऐकावे. प्रमाण भाषा तपासायची असेल तर ती आधी शिकवलेली असावी. आजवरच्या परीक्षांनी या दोन गोष्टींची गल्लत केली, आणि तिची किंमत मुलांनी मोजली.