सुट्टीचे मुके रीळ

घरगुती चलच्चित्रांकडे चित्रपटाच्या इतिहासकारांनी दीर्घकाळ पाठ फिरवली. त्यांत कथानक नसते, नट नसतात, संकलनही नसते. एखादे कुटुंब नारळीपोफळींच्या बेटावर सुट्टीला जाते, मुले लाटांकडे धावतात, आई कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवते आणि रीळ संपते. परंतु जुनी पत्रे, दैनंदिन्या आणि आत्मचरित्रे ज्या गांभीर्याने आपण वाचतो, त्याच गांभीर्याने ही रिळेही वाचली पाहिजेत, असे आम्हांस वाटते. मुंबईच्या संदर्भात तर हे वाचन विशेष उद्बोधक ठरते.

चित्रपटाचा जन्मच मुळी घर आणि समुद्रकाठ यांच्या सान्निध्यात झाला. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी जो खेळ केला, त्यात ओग्युस्त ल्युमिएर आपल्या पत्नीसह तान्ह्या मुलीला भरवत आहेत, असे एक दृश्य होते. दुसऱ्या दृश्यात समुद्रात उड्या घेणारी मुले होती. ते टिपले गेले ला सिओता येथे, जिथे ल्युमिएर कुटुंबाचे उन्हाळी घर होते. पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांचा खेळ झाला, तेव्हा सहा चित्रांत समुद्रस्नानाचे एक चित्र होते. सात बेटे जोडून उभ्या राहिलेल्या या शहराने पहिल्याच दिवशी पडद्यावर पाहिली ती परक्या समुद्रकाठची मौज!

ते खेळ पाहून प्रभावित झालेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे छायाचित्रकार होते. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला. मात्र १८९९ साली त्यांनी तो रोखला तो हँगिंग गार्डनमधील कुस्तीवर. १९०१ साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर र. पु. परांजपे मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही त्यांनी चित्रण केले. ल्युमिएरांनी घरातले जेवण टिपले. सावेदादांच्या ख्यातीस कारण झाली ती आखाड्याची आणि सार्वजनिक सत्काराची दृश्ये. ज्या समाजात सार्वजनिक जीवन नव्याने घडत होते, तेथे कॅमेऱ्याचे लक्ष प्रथम अंगणाबाहेर जावे, यात नवल नाही.

घरगुती चित्रणाला खरी गती आली ती लहान आकाराच्या फिल्ममुळे. १९२२ साली पाथे कंपनीची साडेनऊ मिलिमीटरची, १९२३ साली कोडॅकची सोळा मिलिमीटरची आणि १९३२ साली आठ मिलिमीटरची फिल्म आली. व्यावसायिक नायट्रेट फिल्मसारखी ती चटकन पेट घेत नसे, त्यामुळे घरात वापरता येई. आठ मिलिमीटरच्या एका रिळात सुमारे चार मिनिटे मावत. चारच मिनिटे असल्यामुळे काय टिपायचे याची निवड करावी लागे, आणि ती बहुधा सुखाच्या बाजूने होई. वाढदिवस, सहल, समुद्र यांसाठी कॅमेरा पेटीतून निघे. आजारपण, भांडण, पगाराची ओढाताण यांसाठी तो निघत नसे. म्हणून ही रिळे खोटी ठरत नाहीत. पण कुटुंबाने स्वतःविषयी काय सांगावयाचे ठरवले, तेवढेच ती सांगतात.

भारतात ही चैन परवडणारे थोडे होते: युरोपीय अधिकारी व व्यापारी, संस्थानिक, धनिक. ब्रिटिश कुटुंबांनी येथे घेतलेल्या चित्रफितींचा मोठा संग्रह केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रात आहे. अशा चित्रांत बाग असते, बाळ असते आणि चौकटीच्या कडेला बाळाला सांभाळणारी आया असते. बाळाचे नाव कुटुंबाच्या कागदांत मिळण्याची शक्यता असते. आयेचे नाव बहुधा मिळत नाही. आपल्या इतिहासाची सुरुवात त्या कडेपासून करावी लागते.

कारण त्याच काळात परळ-लालबागच्या चाळींत राहणाऱ्या माणसाला सुट्टी म्हणजे गाव. भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने कोकण गाठायचे, गणपती किंवा शिमगा करून परतायचे. तोही समुद्रच, आणि तीही मुले लाटांकडे धावणारीच. परंतु ते दृश्य टिपायला कॅमेरा नव्हता. ती स्मृती शब्दांत राहिली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावचा मौखिक इतिहास २००४ साली ग्रंथरूपाने आणला, तो अशाच बोलक्या स्मृतींवर उभा आहे. आठ मिलिमीटरची फिल्म बाजारात आली त्याच सुमारास, १९३४ ते १९३६ या काळात, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध झाले. शीर्षकातले ‘चित्रे’ हे पद आपण सहज वाचून पुढे जातो. ज्या घरांत कॅमेरा नव्हता, त्या घरांचे चलच्चित्र मराठी गद्याने घेतले, असे म्हणण्यास हरकत नाही.

या साऱ्याला एक ठळक अपवाद आहे तो दादरच्या फाळक्यांचा. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या घरात सिद्ध झाला. सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडीत, ती धुवीत आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. रोहिदासाच्या भूमिकेत मुलगा भालचंद्र होता. पुढे मंडळी नाशिकला गेली आणि १९१९ साली ‘कालिया मर्दन’ झाला. त्याच्या आरंभी दादासाहेबांची लहानगी कन्या मंदाकिनी केवळ चेहऱ्याने निरनिराळे भाव दाखवते आणि मग तिचाच कृष्ण होतो. त्या काही क्षणांत पौराणिक पटाच्या पोटी एका मराठी घराचे चित्र सुरक्षित राहिले आहे. बाप कॅमेऱ्यामागे आहे आणि मुलगी त्याच्यासाठी हसते आहे, हे न सांगता कळते.

पुढील दशकांत गिरगाव-दादरच्याही काही मध्यमवर्गीय घरांत आठ मिलिमीटरचे कॅमेरे आले; १९६५ साली निघालेल्या सुपर-८मुळे ते हाताळणे सोपे झाले. घारापुरीची सहल, चौपाटीवरची संध्याकाळ अशी रिळे आजही एखाद्या माळ्यावर असतील. त्या फितीला ओलसर हवेत व्हिनेगरसारखा वास येऊ लागला, की ती कुजू लागली असे समजावे. वाड्या आणि चाळी पाडून मनोरे उभे राहत असताना माळे रिकामे होतात आणि डबे भंगारात जातात. वाचलेल्या रिळांचे संगणकीकरण करता येते, पण तेवढ्याने ती बोलू लागत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून प्रत्येक चेहऱ्याचे नाव, जागा आणि साल लिहून घेतले पाहिजे. चौकटीच्या कडेला उभ्या असलेल्या मोलकरणीचे आणि होडीवाल्याचेही. मराठीच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला प्रकल्प आम्हांला सुचत नाही. नाव सांगू शकणारी माणसे आहेत, तोवरच तो करता येईल.