नवरा तिकडचा, पासपोर्ट इकडचा

रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं म्हटलं तर किती हेलपाटे पडतात, ते तुम्हाला सांगायला नको. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, लग्नाचा दाखला आणा, साहेब जाग्यावर नाहीत, सोमवारी या. आजची गोष्ट अशाच कागदांची आहे, पण युरोपातली. नवरा युरोपातल्या एका देशाचा नागरिक. बायको भारताची, नाहीतर कोलंबियाची. दोघं मिळून शेजारच्या देशात निघाली. तो ओळखपत्र दाखवून पुढे गेला, तिला मात्र विचारलं, "व्हिसा कुठंय?"

या प्रश्नाचं उत्तर बदलायला पन्नासएक वर्षं लागली.

सुरुवात 1957 सालची. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी रोममध्ये करार केला. एका देशाच्या कामगाराला दुसऱ्या देशात जाऊन काम करता यावं, हे त्यातलं एक कलम. इटलीतले मजूर बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत आधीपासून जातच होते. पण माणूस नुसता कामाला जातो का? त्याच्यामागं बायकापोरं असतात. म्हणून 1968 साली नियम झाला की कामगाराच्या जोडीदाराला आणि मुलांना सोबत राहता येईल, मग त्यांचं नागरिकत्व कुठल्याही देशाचं असो. बाहेरच्या देशातल्या बायकोकडे व्हिसा मागता येईल, पण तो मिळण्यासाठी सगळी सोय करून द्यायची.

बाईचा कळवळा येऊन हा नियम झाला, असं मला वाटत नाही. खाणीला आणि कारखान्याला माणूस हवा होता, आणि बायको मागं राहिली की तो टिकत नव्हता. पण नियम झाला खरा.

यात एक गंमत होती. हा नियम दुसऱ्याच्या देशात लागू. स्वतःच्या देशात माणूस बसला असेल, तर त्याच्या बायकोला किंवा तिच्या नवऱ्याला तिथला घरचा कायदा. आणि घरचा कायदा कधी कधी फार कडक. ब्रिटनमध्ये पुरुषाला परदेशी बायको आणणं सोपं होतं, बाईला परदेशी नवरा आणणं अवघड. तिथं स्थायिक झालेल्या तीन बायका याविरुद्ध स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. 1985 च्या मे महिन्यात निकाल त्यांच्या बाजूनं लागला, की हा बाई म्हणून केलेला भेदभाव आहे. मग सरकारनं काय केलं? बायकांना सवलत दिली नाही, पुरुषांचीच काढून घेतली. आता दोघंही सारखेच अडचणीत! याला समानता म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

त्याच सुमाराला सुरिंदर सिंग या भारतीय माणसाची गोष्ट घडत होती. 1982 साली ब्रॅडफर्डमध्ये त्याचं एका ब्रिटिश बाईशी लग्न झालं. 1983 ते 1985 दोघांनी जर्मनीत काम केलं, मग धंदा काढायला ब्रिटनला परतले. पुढे दोघांचं पटलं नाही, घटस्फोटाचा खटला सुरू झाला, आणि सरकारनं त्याला देश सोडायला सांगितलं. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. 7 जुलै 1992 ला न्यायालय म्हणालं, बाई दुसऱ्या देशात जाऊन काम करून परत आली आहे, तर तिच्या नवऱ्याला परतताना निदान जर्मनीत होते तेवढे हक्क हवेत. नाहीतर पुढच्या वेळी कोण घर सोडून जाईल? तेव्हापासून कितीतरी जोडपी घरच्या कायद्यात अडकली, की काही महिने शेजारच्या देशात कामाला जातात आणि मग परततात. त्या वाटेला सुरिंदर सिंगचंच नाव पडलं.

दरम्यान सीमेवरची तपासणी काढून टाकण्याचा करार शेंगेन गावाजवळ मोझेल नदीतल्या एका बोटीवर झाला, 14 जून 1985 ला. तो अमलात यायला 1995 उजाडलं, आणि ब्रिटन, आयर्लंड बाहेरच राहिले.

2002 साली लक्झेंबर्गचं न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेलं. बायको सीमेवर व्हिसाशिवाय आली, पण आपण कोण आणि आपलं लग्न कुणाशी झालंय हे तिनं सिद्ध केलं, आणि तिच्यापासून काही धोका नसला, तर तिला तिथून परत पाठवता येणार नाही. मग 2004 मध्ये हे सगळं एका कायद्यात आलं. नागरिकाच्या जोडीदाराला व्हिसा फुकट आणि लवकर द्यायचा. (बाकीच्या प्रवाशांना शेंगेन व्हिसाला आज 90 युरो पडतात.) दुसऱ्या देशात नवऱ्यासोबत राहणाऱ्या बायकोला सहा महिन्यांच्या आत रहिवासी कार्ड द्यायचं. ते हातात असलं, की नवऱ्यासोबत किंवा त्याच्याकडे जाताना व्हिसाही लागत नाही.

पण कागदावर लिहिलं म्हणजे खिडकीवर मिळालं असं नसतं. स्पेनमध्ये राहणाऱ्या मॅकार्थी नावाच्या कुटुंबात नवरा ब्रिटिश आणि आयरिश, बायको कोलंबियाची. तिच्याकडे स्पेनचं कार्ड होतं. तरी ब्रिटन दर सहा महिन्यांनी नवा परवाना मागायचं. न्यायालयानं 2014 च्या डिसेंबरात हे बंद करायला सांगितलं.

आपल्या बाजूला गोव्यातल्या घरांना हे चांगलं ठाऊक आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. त्या पासपोर्टवर अनेकजण ब्रिटनच्या स्विंडन शहरात गेले. नवरा पोर्तुगीज झाला, बायको भारतीयच राहिली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि 2020 च्या अखेरीस हे नियम तिथं संपले. त्यानंतरच्या लग्नांना ब्रिटनचाच कायदा, आणि त्यात 2024 पासून वर्षाला 29,000 पौंड उत्पन्नाची अट.

आता सगळ्यात दुखरा भाग. हा हक्क जोडीदाराच्या नावानं येतो. मग त्यानंच हात उगारला तर? 2004 च्या कायद्यात तरतूद आहे, की घरात छळ झाला असेल तर घटस्फोटानंतरही राहता येईल. पण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एका पाकिस्तानी बाईचा जर्मन नवरा तिला मारहाण करून देशाबाहेर निघून गेला, आणि घटस्फोटाचा अर्ज त्यानंतर झाला. 2016 साली न्यायालय म्हणालं, तो आधीच गेला, त्यामुळे ही तरतूद लागू नाही. मुली तिथल्या शाळेत शिकत होत्या म्हणून दुसऱ्या नियमानं ती वाचली. ही भूमिका 2021 मध्ये बदलली, बेल्जियमच्या खटल्यात. तिथं छळ सोसणारा अल्जीरियाचा नवरा होता आणि बायको फ्रेंच. छळ करणारं माणूस आधी निघून गेलं तरी चालेल, घटस्फोटाचा अर्ज वाजवी मुदतीत केला म्हणजे झालं, असं न्यायालयानं सांगितलं. मात्र एक अट कायम ठेवली. आपण स्वतः कमावतो किंवा आपल्याजवळ पोटापुरतं उत्पन्न आहे, हे दाखवावं लागतं. त्या माणसाचा राहण्याचा हक्क बेल्जियमनं काढून घेतला होता, तो याच अटीवर.