‘डेडलाइन’मधली लाइन कुठली?

प्रगती अहवाल द्यायची वेळ आली की आपण ‘डेडलाइन’ हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो. पण त्यातली ‘लाइन’ कुठली, हे कधी शोधलंय?

ही रेषा आधी खरोखरच जमिनीवर होती. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, फेब्रुवारी १८६४मध्ये, दक्षिणेच्या बंडखोर राज्यांनी जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी उघडली. उंच लाकडी कुंपणाच्या आत साधारण १९ फुटांवर एक बुटका कठडा होता. त्याचं नाव ‘डेड लाइन’. तो ओलांडला की पहारेकरी गोळी घालत. छावणीत सुमारे ४५,००० कैदी आले आणि जवळपास १३,००० मेले, बहुतेक रोगराईने आणि उपासमारीने. छावणीचा अधिकारी हेन्री वर्झ याला १८६५मध्ये फाशी झाली. त्याच्या खटल्यात ही रेषा गाजली.

आजचा ‘वेळेची मर्यादा’ हा अर्थ मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अमेरिकन वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून आला. मग काय, कैद्यांची रेषा थेट संपादकाच्या घड्याळापर्यंत ओढून मोकळे व्हायचं? इथेच थांबा. मध्ये अर्धं शतक आहे.

त्या अर्ध्या शतकात काय सापडतं? १८८०मध्ये न्यूयॉर्कचे पोलीस अधिकारी टॉमस बर्न्स यांनी फुल्टन स्ट्रीटवर ‘डेड लाइन’ ठरवली. तिच्या दक्षिणेला, वॉल स्ट्रीटकडे, सराईत चोर दिसला की अटक! म्हणजे रेषा जागेचीच राहिली, पण ओलांडण्याची शिक्षा मरण नव्हती. पुढे छापखान्यातही एक ‘डेडलाइन’ भेटते. यंत्रावरच्या या खुणेपलीकडचा मजकूर नीट छापला जात नसे. वर्तमानपत्राच्या कचेरीला तुरुंगापेक्षा छापखाना जवळचा, नाही का? म्हणून चांगले कोश तुरुंगाशी असलेलं नातं सांगताना ‘कदाचित’ हा शब्द सोडत नाहीत.

तुमच्या कामासाठी यातून तीन वेगळे प्रश्न निघतात. शब्द पहिल्यांदा कुठे सापडतो? तिथे त्याचा अर्थ काय? आणि पुढच्यांनी तो नक्की कुणाकडून उचलला? पहिल्या दोघांची उत्तरं हाती आली की तिसऱ्याचं मिळालंच असं वाटतं, पण ते वेगळ्या पुराव्याने सिद्ध करावं लागतं. जुनी वर्तमानपत्रं चाळताना ‘डेड लाइन’ सुटा, जोडरेघेचा आणि जोडून लिहिलेला, असा तिन्ही प्रकारे शोधा.

आणि प्रबंधात ‘यातूनच पुढे...’ असं लिहिलंत, की त्या ‘यातूनच’ला कुठल्या कागदाचा आधार आहे, ते समासात लिहून ठेवा. गाईड विचारायच्या आत.